गेंदू की झेंडू

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही भिंगारला राहत होतो. लष्कराच्या एका कार्यालयात मी मुलकी कारकून होतो, पेन्शनचे कागद तपासायचो. नावात एका अक्षराचा फरक निघाला, की कागद परत. कार्यालयातली ही सवय माझ्याबरोबर घरीही यायची.

घरी एक जुना कॉम्प्युटर होता, त्यात मोटारशर्यतीचा खेळ. आठवीतली माझी मुलगी आणि समोरच्या क्वार्टरमधली तिची मैत्रीण, दोघींना शर्यतीपेक्षा गाड्या रंगवण्यातच रस. खेळातल्या पांढऱ्या गाडीचं चित्र उघडायचं, ठिपका ठिपका रंगवायचं, त्या फाइलला नवं नाव द्यायचं आणि तेच नाव खेळाच्या यादीत लिहायचं. नाव इंग्रजी लिपीत, आठ अक्षरांच्या आत. गाडी पळायची पहिल्यासारखीच, नुसती दिसायची वेगळी. एवढ्यासाठी इतके कष्ट का, हे मला कळत नसे.

मैत्रीण उत्तरेकडची, सुभेदारांची मुलगी. तीन आठवडे खपून दोघींनी एक गाडी पिवळ्या-केशरी पाकळ्यांनी भरली. शुक्रवारी ती यादीत चढवली, पळवून बघायची तेवढी राहिली. मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली होती. रविवारी दुपारी सामानाचा ट्रक निघणार होता. त्याआधी गाडी एकदा पळवायची आणि फ्लॉपीवर तिला बरोबर द्यायची, असं ठरलं.

रविवारी सकाळी गाडी पडद्यावर आली ती पांढरीफटक.

"अंकल, आमचे फूल कुठे गेले?" मैत्रीण म्हणाली. बाहेर तिच्या घरची कपाटं उतरवत होते.

मी क्रमाने तपासायला बसलो. रंग दोनशे छप्पनच हवेत, होते. चित्राची फाइल चौसष्ट हजार बाइट, बरोबर. फोल्डर योग्य. मग यादी उघडली. तिथे GENDU, आणि चित्राचं नाव ZENDU. नाव जुळेना, म्हणून खेळ मूळची पांढरी गाडीच दाखवत होता.

शनिवारी फाइली नीट लावताना ते नाव मीच दुरुस्त केलं होतं. यादीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मुलीला मी तसं सांगितलं. "बाबा!" ती ओरडली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

"अगं, दसऱ्याला दाराला झेंडू लावतो आपण. गेंदू असा शब्दच नाही."

एवढं बोलून मी यादीतही ZENDU केलं. दोन्हीकडे सारखं झालं, की कॉम्प्युटरची तक्रार नसते. गाडी आली, फुलांनी भरलेली. मुलीने टाळी वाजवली. मैत्रीण मात्र गाडीखालचं नाव वाचत होती.

"हे तर फक्त तुझंवालं नाव झालं," ती मुलीला हळूच म्हणाली.

मला समजेना. मुलीनेच सांगितलं, "तिच्याकडे गेंदा म्हणतात, बाबा. आपल्याकडे झेंडू. गेंदू आमच्या दोघींचा आहे."

म्हणजे चूक नव्हतीच ती. आयुष्यभर मी अक्षरं जुळवत आलो, पण दोन माणसांनी मिळून एक शब्द केला असेल, हे माझ्या तपासण्यात बसत नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. नुसतं मुलीला नाही, दोघींना.

"अंकल, पाच मिनटात ट्रक भरेल," मैत्रीण म्हणाली.

चित्राचं नाव बदललं, यादीतलं बदललं, दोन्ही अक्षर-अक्षर ताडून पाहिली. गाडी पुन्हा आली, खाली GENDU. दोघींनी एक-एक फेरी मारली, दोन्ही वेळा भिंतीवर आपटल्या आणि खूप हसल्या. मी फ्लॉपीवर नक्कल केली, उघडून खात्री केली. लेबलवर देवनागरीत नाव लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर माझं बरं.

पेन टेकवून मी थांबलो. "दू ऱ्हस्व की दीर्घ?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"दीर्घ," मुलगी म्हणाली.

"लंबावाला," मैत्रीण म्हणाली.

मी तसं लिहिलं.