बाहुलीघरातला बाबा कुठे ठेवलास?

मित्रांनो, दोन तासांपूर्वी घडलेलं लिहितोय. राग अजून उतरलेला नाही आणि तो कुणावर काढावा, तेही कळत नाही.

माझी बहीण घटस्फोट घेतेय. सहा वर्षांची मीरा कुणाकडे राहणार, यावर कोर्टात भांडण चालू आहे. पोरीला सावरता यावं म्हणून तिला दादरला प्ले थेरपीला नेतो. बाहुल्या, वाळू, रंग. खेळून दुःख हलकं होतं यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

आज थेरपिस्टबाईंना सरळ विचारलं, "दार लावून ही आत काय खेळते?"

"ते तिचं आहे. तिलाही विचारू नका."

माझा संशय बळावला. घरच्यांपासून लपवण्यासारखं काय आहे? पोरीला कुणी पढवतंय का?

मुलांना बोलू द्या, असं सभांमधून गरजणारा मी. बहीण आणि मीरासोबत टॅक्सीत बसताच विचारलं, "मीरू, बाहुलीघरातला बाबा कुठे ठेवलास? घरात की बाहेर?"

तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा, तुला कुठे हवाय?"

दर रविवारी ती डिलाईल रोडला बाबाकडे जाते. तिथेही कुणीतरी विचारत असणार आणि तिथलं उत्तरही तिच्याकडे तयार असणार. पढवणारे आम्हीच निघालो!

त्या खोलीबद्दलची माझी शंका गेलेली नाही. पण तिथे तिला कुणाच्या मर्जीचं उत्तर द्यावं लागत नसेल, तर ते दार बंदच राहू दे.

तुमच्या घरातलं मूल तुम्हाला खरं सांगतं, की तुम्हाला हवं ते?