आबांच्या फोटोपुरता कॅमेरा

आमच्या बेडसे गावात माणूस गेलं की संध्याकाळच्या आत फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. तोवर घरात फोटोची शोधाशोध चालते. माझे चुलते गेले तेव्हा मिळाला तो कुणाच्या तरी लग्नातला. कापूनही त्यांच्या खांद्यावर परक्याचा हात राहिलाच. आबा, म्हणजे माझे वडील, त्या फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे होते. घरी आल्यावर मला म्हणाले, "माझा फोटू आत्ताच काडून ठिव. आन् हसरा काड."

मला रागच आला. बापाच्या तोंडून असलं कोण ऐकून घेईल? पण फोटोचा नाद घरात मलाच, तेव्हा सांगणार तरी कुणाला!

माझ्याकडे भलाथोरला कॅमेरा होता, दुधी भोपळ्याएवढ्या लेन्सचा. तो डोळ्याला लावला की आबा टोपी सारखी करत, हात गुडघ्यांवर ठेवत आणि पोलिसांनी धरून आणल्यासारखे बघत. "हसा की" म्हटलं तर नुसते दात दाखवत. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. मग त्यांच्या छातीत दुखलं, दवाखाना झाला. ते घरी परतले, पण माझी झोप उडाली.

एका रविवारी मी लोणावळ्याच्या घरी मी काढलेले सगळे फोटो उघडून बसले. पक्षी बहुतेक हललेले. लोहगडाचे तर पोत्याने, सगळे सारखेच. बरी आली होती ती माझ्याशी गप्पा मारणारी माणसं, आणि तीही बहुतेक मोबाइलवर. मग मी ही तोफ कुणासाठी वागवत होते?

नवऱ्याने लगेच व्हिडिओ बघून याहून मोठा कॅमेरा सुचवला. त्याचं खरं दुखणं वेगळं होतं. कॅमेऱ्याचं सोयरिकीसारखं असतं, एका कंपनीच्या घरात पडलं की लेन्सही तिथल्याच. घर बदललं की आधीचं सगळं वाया. म्हटलं, जाऊ दे. मी हाताच्या पंजात मावणारा कॅमेरा घेतला. आवाज न करणारा, पडदा वर वळवून पोटाशी धरता येणारा. झूम नाही. जवळ जायचं तर आपल्या पायांनी.

भाताच्या झोडणीला माहेरी गेले. खळ्यावर आबांशेजारी बसले, कॅमेरा मांडीवर. लहानपणी बेडकाला भिऊन मी बांधावरून कशी पडले, ते आबा रंगवून सांगत होते. सांगता सांगता स्वतःच इतके हसले की टोपी मागे सरकली. मी बटण दाबलं. त्यांना पत्ताही नाही.

फोटो मोठा करून, फ्रेम लावून नेला. आबांनी तो हातात धरून पुन्हा पुन्हा पाहिला. मी कपाटात ठेवायला निघाले, तर म्हणाले, "कपाटात कशाला? भित्तीला लाव. मी गेल्यावर मला कुटं दिसनार हाय?"

भिंतीवर हार घातलेले आजोबा होते, चुलते होते. त्या रांगेत लावायला माझा हात होईना. "लाव की," आबा म्हणाले, "जागा माझीच हाय ती." मी लावला.

आबा गोठ्यात गेले, तेवढ्यात शेजारची मावशी आली. भिंतीकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! कवा गं?"

"आजून न्हाई!" आबा गोठ्यातनं ओरडले. "बस, चा घे!"

मावशी त्यांना शिव्या घालत खाली बसली. मी चहा टाकायला आत गेले, आणि आधी थोडं रडून घेतलं.