पहिल्या वाक्यात सांगून टाक

लिहायला मला नवऱ्याने शिकवलं. हे मूळचे पुण्याकडचे. अमरावतीच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि यांच्या कथा मासिकांत छापून यायच्या. मी दर्यापूरची, चौथीपर्यंत शिकलेली. रविवारी दुपारी यांचे मित्र कथा वाचायला जमत. चहा दिला की मी दाराशी बसून ऐके. एकदा हे सगळ्यांसमोर म्हणाले, "तूही लिही. वऱ्हाडी माणसाला काय जमतं, बघू." सगळे हसले.

मी आमच्या मुलीवर लिहिलं. तापाने गेली होती. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी वाचताना मला रडू फुटलं. हे म्हणाले, "लेखिका रडली की वाचक रडत नाही. कथेतले ते हुंदके काढून टाक. मूल मरणार हे शेवटपर्यंत लपवतेस कशाला? पहिल्या वाक्यात सांगून टाक. आणि हे 'मले पानी दे' काय? शुद्ध लिही."

"ते तशीच बोलली होती," मी म्हणाले. "तुमचीबी पोरगी होती ते."

"कथेत पोरगी कुणाचीच नसते."

मित्र कपात बघत राहिले.

राग आला, पण यांचं खरं होतं. हुंदके काढून टाकले. 'मले' मात्र ठेवलं. पुन्हा मंडळी जमली तेव्हा मी न अडखळता वाचलं: "मुलगी गेली तेव्हा तिचा बाप अकोल्याला स्वतःची कथा वाचत होता."

पुढे सगळं घडलं तसंच होतं. तार सभेतच मिळाली होती. बापाने सत्कार उरकला, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनावर उतरला. पिशवीत सत्काराचा हार होता.

मग हे म्हणाले, "आता जमली." आवाज वर्गातला होता, चेहरा पांढराफटक. एकेक जण चपला घालून निघून गेला.

कथा यांनीच मासिकाला पाठवली, एक अक्षर न बदलता. छापून आल्यावर शाळेत विचारणा झाली. "कथा आहे," एवढंच हे म्हणाले.

माझी आई दर्यापूरहून आली. तिला कुणीतरी वाचून दाखवली होती. "जगाले कावून सांगतलं, बाई?" तिने विचारलं.

"घरात कोणी ऐकून नाई घेतलं," मी म्हणाले.

रविवारची बैठक बंद पडली. यांनी लिहिणं सोडलं, माझं लिहिलेलं वाचणंही. मी दुसरी कथा सुरू केली.