वळण नसलेला घाट

"मामा, वळणं कुठायत?" रेसवाल्या मॅडमनी विचारलं. मागं ट्रेलरवर पुण्याहून आणलेल्या मोटारी. समोर सरळसोट मातीचा चढ.

"बैलाला वळणं कशाला?" मी म्हणालो.

वरवंडला हायवेवर माझं गॅरेज आहे. मोटारींच्या शर्यतीत मी स्क्रुटिनी करतो. म्हंजी गाडी सोडायच्या आधी ब्रेक, बेल्ट, चाकांचे नट तपासायचे. मॅडमनी फोनवर विचारलं होतं, "तुमच्या भागात घाट आहे का? चढाची रेस घ्यायचीय." मी म्हणालो, शिरूर तालुक्यात गावोगाव घाट. माझ्या सासुरवाडीचा तर नामी. त्यांच्या डोक्यात डोंगरातला नागमोडी रस्ता. आमच्याकडं घाट म्हंजी बैलगाडा पळवायची जागा. त्यांनी फोटो मागितला, मी यात्रेतला पाठवला. गर्दीत घाट दिसलाच न्हाई. माणसं मात्र छान आली होती.

मॅडमची ही पहिलीच रेस. मोडली तर दुसरी त्यांना कोण देणार? तोंड एवढंसं झालं.

माझा मेहुणा दत्तू गालात हसत होता. "दाजी, पळवा की मोटारी. आमची बी एकेकच बारी सुटती, घड्याळ लावून. पन आमची जोडी बी पळणार. अक्का काय म्हणायची? मोटारीपरीस बैल बरं."

अक्का म्हंजी सुमन, माझी बायको. गेल्या साली गेली. माझी गाडी रस्त्यात बंद पडली की म्हणायची, "माझ्या बापाचं बैल असं कवा बसलं न्हाईत." मी चिडायचो. "लावू एकदा शर्यत!" लावायची राहिली.

मॅडम म्हणाल्या, "चढ आहे, घड्याळ आहे. मग रेसच की!"

मी नट आवळले. मोटारी एकेक सुटल्या. माती मऊ. चाकं जागेवरच फिरायची, धुरळा उडायचा, मग कुठं गाडी हलायची. माईकवाला तरी बैल सुटल्यागत "भिर्रर्र" ओरडतच होता. शेवटी दत्तूची जोडी सुटली ती थेट वर. घड्याळात बैल पुढं. थोडक्यात, पण पुढं.

मॅडमची रेस पार पडली. ड्रायव्हर लोक बैलांसंगं फोटो काढत बसले. पुढच्या साली हितंच, म्हणाले.

"दाजी, हरलात," दत्तू म्हणाला.

"व्हय. पन तुझ्या अक्काला सांगू नको," मी बोलून गेलो.

तवा धडा एवढाच. कुणी घाट म्हणालं की आधी विचारावं, डोंगराचा का बैलाचा. आन् बायकोशी शर्यत लावायची आसंल तर लगेच लावावी. हरलो म्हणायला समोर माणूस लागतं.