अस्सल घेटुळीची पारख

सांगते, सगळं सांगते. पण हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा. पाठीमागं हसणारे गावात भरपूर झालेत!

आमच्या मिरजगावात आम्हा बायकांचा बचत गट आहे आणि मी त्याची अध्यक्ष. श्रीगोंद्याच्या बाजूला एक आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे. त्यांना पुनर्नवेच्या वाळलेल्या मुळ्या हव्या होत्या. आता पुनर्नवा म्हणजे कोण मोठी महाराणी? आपली घेटुळी! पाऊस झाला की बांधाबांधाला उगवते, आपण तिची भाजी करतो. मी गटाला सांगितलं, खुरपणीची मजुरी सोडा आणि माझ्यामागं या. बायका आल्या. मुळ्या खणल्या, धुतल्या, पत्र्यावर वाळवल्या आणि पोती टेम्पोत भरून पाठवून दिली.

आणि फोन आला, की माल नमुन्याशी जुळत नाही, परत घेऊन जा.

नमुना कसला? तर म्हणे त्यांच्या प्रयोगशाळेत खात्रीच्या मुळीची बाटली असते. जाणकारांनी तपासून, ही खरी म्हणून दिलेली. येणारा प्रत्येक माल तिच्याशी ताडून बघायचा. जुळला तर आत, नाहीतर गेटाबाहेर. मी म्हटलं, मग तुमची बाटलीच खोटी असंल. फोन कट झाला. त्यांनी केला की मी, ते आता आठवत नाही.

तुम्हीच सांगा, गप्प बसायचं होतं का? माझ्या एका शब्दावर बायकांनी हातची मजुरी सोडली होती. त्यांना काय तोंड दाखवायचं? दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसले आणि निघाले. सोबत माझी थोरली जाऊ, हौसाक्का. नवरा म्हणाला, मंगल, जरा दमानं घे. मी म्हटलं, दमानं घेणारी बाई पाहिजे हुती तर लग्नाआधी चौकशी करायची.

प्रयोगशाळेतली मॅडम गोड निघाली. वयानं लहान, आवाज मऊ. तिनं आम्हाला आत बसवलं, चहा मागवला. मग एक काचेची पट्टी दाखवली. दोन्ही मुळ्यांचा अर्क तिच्यावर चढवलेला. बाटलीतल्या मुळीच्या रेघा एका जागी उमटलेल्या, आमच्या मुळीच्या भलत्याच जागी.

मी पट्टी बाजूला सारली. म्हटलं, रेघा तुमच्या, पट्टी तुमची, बाटली पण तुमचीच. घेटुळी कुणाची? आमची. परकर नेसायच्या वयापासून मी ती उपटत आलीय. बाटलीतली मुळी आणि पोत्यातली मुळी दोन ताटल्यांत ठेवा, नावं सांगू नका. मी ओळखून दाखवते.

मॅडम म्हणाली, वाळलेली मुळी नुसत्या नजरेनं ओळखणं अवघड असतं, म्हणून तर नमुना ठेवावा लागतो. पण मी ऐकते होय? उलट म्हटलं, तुमची बाकीची माणसं पण बोलवा, साक्षीला असू देत. पांढरे कोट घालून पाच-सहा जण जमले. हौसाक्कानं माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

ताटल्या आल्या. मी वास घेतला, मुळी मोडली, दाताखाली धरली. लगेच कळलं हो! पहिल्या ताटलीवर हात ठेवला.

"ही आमची. अस्सल."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण माणसं जमलेली, सगळे माझ्याकडं बघतायत. दुसऱ्या ताटलीतली मुळी चिमटीत धरून मी सगळ्यांना दाखवली.

"आन् ही? हिला जनावर तोंड लावायचं न्हाई. कुन्या लबाडानं गळ्यात मारली तुमच्या?"

मॅडमनं हळूच विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ.

तिनं ताटल्यांच्या खालच्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. पहिली मुळी त्यांच्या बाटलीतली. दुसरी आमच्या पोत्यातली.

हौसाक्काला चहाचा असा ठसका लागला की एका कोटवाल्याला पाणी आणायला पळावं लागलं.

मग मॅडमनं कागदावर चिकटवलेली दोन वाळकी झाडं पुढं ठेवली. एक लाल घेटुळी, बारीक गुलाबी फुलांची. दुसरी पांढरी, जाडसर पानांची. आपण दोन्हींना घेटुळीच म्हणतो. औषधाला त्यांना पहिलीच हवी. आणि जाड पानांची उपटा, मुळी भरदार निघते, हे बायकांना कुणी सांगितलं होतं? अध्यक्षांनी!

दुसरी कोणी असती तर खाली मान घालून उठली असती. मी खुर्ची आणखी पुढं ओढली. म्हटलं, "मॅडम, अस्सल कुठली ते मी वळखलं का न्हाई?"

ती म्हणाली, ओळखलं.

"मग माझी नजर बरोबर हाय. चूक तुमची हाय. खरा नमुना तुमी हितं कुलपात ठेवणार आन् आमी तिकडं रानात अंदाजानं खणणार? आमाला बी एक द्या."

ती म्हणाली, नमुना बाहेर देता येत नाही. मी म्हटलं, मग मलाच बाटलीत घालून फळीवर ठेवा, मी काय इथून हलत नाही. शेवटी साहेबांना विचारून तिनं लाल घेटुळीचं एक जादाचं वाळकं झाड, मुळीसकट, काचेच्या चौकटीत बसवून दिलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच्याशी ताडून खणलेला माल एका फटक्यात पास झाला. म्हणजे मी भांडले ते बरोबरच होतं, हे आजही कुणालाही ठणकावून सांगते.

पण त्या संध्याकाळी टेम्पो पोत्यांसकट गावात परत आला, तेव्हा सगळ्या बायका वाट बघत उभ्या होत्या. मी चौकट छातीशी धरून ऐटीत उतरले. त्यांनी विचारलं, काय म्हणाले कारखानेवाले?

मी तोंड उघडायच्या आत हौसाक्का म्हणाली, "कारखानेवाले भली मानसं. त्यांनी माल नुसता परत केलाय. लबाडाचा हाय, हे आपल्या मंगलनं सांगितलं."