तारेत ओवलेल्या किल्ल्या

आज कुलपांना तेल घालताना त्या वासानं फ्रान्सहून आलेली सरपंचबाई आठवली.

तेव्हा मी शेवगावकडच्या आमच्या गावात नवा मास्तर होतो. बाई तिकडच्या एका बारक्या खेड्याची सरपंच, आमचं गाव बघायला आलेली, सोबत दुभाषी मुलगी. दिवाळी सरली होती आणि निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. जाताना लोक किल्ल्या शेजारच्या तात्यांकडे ठेवत. तात्या त्या तारेत ओवून घरोघर फिरत आणि बंद कुलपांत तेल सोडत.

"हे कशाला?" बाईनं विचारलं.

"गंजल्यावर उघडायची कशी? गुढीपाडव्याला समदी येत्यात," तात्या म्हणाले.

बाईनं तारेतल्या किल्ल्या हातात घेऊन पाहिल्या. मग म्हणाली, "आमच्याही पंचायतीत अशा किल्ल्या टांगल्यात. मागायला कुणी येत नाही."

"मंग तेल तरी वाचतंय तुमचं!"

"नाही. मीही घालते."

आम्ही सगळे खो खो हसलो होतो.

तात्या गेले, तार माझ्याकडे आली. माणसं कुणी पुण्याला, कुणी सुप्याच्या कंपन्यांत कायमची राहिली. यंदाचाही पाडवा होऊन गेला. गुडघे बोलतात, तरी बाटली घेऊन दारोदार फिरतो. मला हसायला मात्र आळीत कुणी उरलेलं नाही.