सिलीचा मधला अर्थ

मावशींना शब्द मिळाला त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. बावीस वर्षं त्या शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या लिहीत होत्या. जुनं पुस्तक वाचायचं, शब्द दिसला की वाक्य उतरवायचं, पुस्तकाचं नाव, साल, खाली सही, आणि चिठ्ठी सालाप्रमाणे खणात लावायची. शब्दाची हकिकत लिहायचा मान वरच्या मजल्यावरच्यांचा. आणि आता एक अख्खा शब्द त्यांच्या पदरात पडला होता. इंग्रजीतला 'सिली'.

हसू नका. आज बावळटाला लावतात तो हा शब्द मुळात सुखी माणसासाठी होता, देवाची कृपा लाभलेल्यासाठी. पुढे त्याचा अर्थ झाला निष्पाप. आणि मग एकदम मूर्ख? छे, मावशी म्हणायच्या, शब्द अशा उड्या मारत नाहीत. निष्पाप माणूस आधी बिचारा होतो, लोक त्याची कीव करतात, मग कुठे त्याला खुळा म्हणायला लागतात. घरी जेवतानाही हेच पुराण. घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान अखेर म्हणाले, त्या शब्दालाही ताट वाढ, तो काही आता उठायचा नाही.

पण 'बिचारा' या अर्थाची, 'मूर्ख'च्या आधीच्या सालातली चिठ्ठी काही सापडेना. कचेरीचा नियम कडक, चिठ्ठी नाही तर अर्थ नाही. चार वाजता पानं छापखान्यात जाणार आणि दुपारचे दोन वाजलेले. जुन्या सालांचे सगळे खण पालथे घालून झाले होते. शेवटी मावशींनी तीनशे वर्षांनंतरच्या सालांचा खण उपसला. तिथे काही मिळेल अशी आशा नव्हती, पण हातावर हात ठेवून बसतील तर त्या मावशी कसल्या.

आणि मिळाली की हो! थंडीत कुडकुडणारी, वाट चुकलेली मेंढरं, आणि लेखक त्यांना म्हणतोय 'सिली'. मूर्ख नव्हे, बिचारी! पुस्तकाचं नाव त्यांनी वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. पुस्तक 'मूर्ख' हा अर्थ जन्मायच्या आधीचं होतं. कुण्या दीडशहाण्याने ते लिहिलं गेलं ते साल सोडून नव्या आवृत्तीच्या छपाईचं साल टाकलं होतं. मावशींनी त्याला मनातल्या मनात शेलक्या शिव्या हासडल्या आणि खालची सही बघितली. सही त्यांचीच होती, नोकरीतल्या पहिल्या महिन्यातली.

साल चुकवणाऱ्याला तिथे माफी नव्हती. त्याने आपल्या त्या वर्षाच्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा तपासायच्या, आणि तोवर शब्दाच्या हकिकतीला हात लावायचा नाही. साल पेन्सिलीने लिहिलेलं, रबर समोरच पडलेलं. कोणाला कळणार होतं? खोटं कशाला सांगू, मावशींनी रबर उचललंसुद्धा. मग स्वतःवरच चिडून ते टेबलावर आपटलं आणि चिठ्ठी घेऊन त्या धापा टाकत जिना चढल्या.

संपादकसाहेबांनी पुस्तक मागवून वाक्य पडताळलं, मग चष्म्यावरून पाहिलं.

"हे साल कोणी घातलं?"

"मी. अर्थ बरोबर आहे साहेब, साल माझं चुकलंय."

साहेबांनी स्वतःच्या हाताने 'निष्पाप' आणि 'मूर्ख' यांच्यामध्ये 'बिचारा' लिहिलं, मेंढरांचं वाक्य घातलं, आणि पानाच्या तळाची मावशींची सही खोडून तिथे आपली केली. चारला पाच मिनिटं कमी असताना पान छापखान्यात गेलं.

मावशींनी तिथूनच यजमानांना फोन लावला. आनंदाने तोंडातून धड वाक्य निघेना. सापडला, छापायला गेला, एवढंच त्या दोनदा सांगत राहिल्या.

"आणि तुझी सही?" यजमानांनी विचारलं.

"ती गेली," मावशी म्हणाल्या. "अहो, पण त्या वर्षीच्या माझ्या चार हजार चिठ्ठ्या आहेत. त्यांत असे आणखी किती अर्थ अडकलेत कोण जाणे. मी लगेच बसतेय, रात्री तुम्ही जेवून घ्या."